रेस वाढवू नका, आधी दोष शोधा

सावळघाट चढताना गाडी कुठेही अडत नाही. पेठच्या बाजारात येऊन अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मात्र इंजिन थरथरतं, दोन-चार झटके मारतं आणि बंद पडतं. जुनी सीडी १०० किंवा स्प्लेंडर वापरणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. त्यावरचा सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे स्क्रू पिळून रेस वाढवणं. गाडी बंद पडायची थांबते, पण दोष आत तसाच राहतो, पेट्रोल जास्त जातं आणि घाट उतरताना इंजिनाचा रोध कमी मिळतो. म्हणून माझं ठाम मत आहे की स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा.

आधी आत काय चालतं ते समजून घेऊ. या १०० सीसी गाड्यांचं इंजिन फोर स्ट्रोक, एकाच सिलिंडरचं. स्लोवर ते मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं आणि दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं, म्हणजे मिनिटाला ७०० वेळा. दुसरा सिलिंडर सांभाळून घ्यायला नाही, म्हणून एखादी ठिणगी चुकली तरी झटका जाणवतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना कार्बोरेटरची स्लाइड जवळजवळ खाली टेकलेली असते आणि पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. पीळ दिला की मोठा मेन जेट काम करू लागतो. म्हणूनच घाटात गाडी उत्तम आणि बाजारात बंद, असं होतं तेव्हा पहिला संशय स्लो जेटवर घ्यावा.

तरीही सुरुवात सोप्या गोष्टींपासून करा. चोक पूर्ण उघडलाय का? इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडल डावी-उजवीकडे वळवा. रेस बदलली तर केबल ताणली जातेय, कार्बोरेटरचा काही दोष नाही. एअर फिल्टर काढून झटका. धुळीने तो गच्च झाला असेल तर हवा कमी पडते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं.

मग प्लग काढा. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे हवा जास्त, आणि तेलकट काळा ओलावा म्हणजे इंजिनाचं तेल वर येतंय. प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे ठेवा. पेठच्या पावसात आणखी एक जागा बघायची, ती प्लगच्या टोपीची. टोपीत ओल गेली किंवा वायरला चीर पडली की ठिणगी बाहेरच पळते. रात्री अंधारात इंजिन चालू करून पाहिलंत तर वायरवर निळसर ठिणग्या दिसतात. त्या वेळी वायरला हात लावू नका.

आता पेट्रोल. हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसात उभी राहिलेली गाडी, टाकीच्या झाकणाचं झिजलेलं रबर, बाटलीतून घेतलेलं पेट्रोल, यांतून पाणी आत जातं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि जेट तळाजवळचंच पेट्रोल घेतो. कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करा आणि येणारं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. खाली वेगळा थर किंवा कचरा दिसला तर टाकीही रिकामी करून स्वच्छ करावी लागेल. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि विडी-सिगारेट, चूल यांपासून दूर करायचं.

जेट साफ करताना तार किंवा सुई खुपसू नका. पितळेचं भोक जरा जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर मारा आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा द्या.

कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधलं पॅकिंग किंवा ओ-रिंग फाटली की तिथून फालतू हवा ओढली जाते. चालू इंजिनावर त्या सांध्यावर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच आहे.

टॅपेटकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. गाडी थंड असताना स्लोवर नीट चालते आणि तापली की बंद पडते, तेव्हा टॅपेट घट्ट असण्याची शक्यता मोठी. तापून व्हॉल्व्ह लांबतो, त्याच्या आणि टॅपेटच्या मधली फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब गळतो. टकटक आवाज नको म्हणून टॅपेट आवळून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी लक्षात ठेवावं, थोडी टकटक बरी, घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणून ती फिलर गेजनेच आणि इंजिन गार असतानाच मोजायची.

एवढं झालं की ट्यूनिंग. इंजिन नीट तापवा. मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट. हलक्या हाताने पूर्ण आवळून फेरे मोजा, लिहून ठेवा आणि साधारण दीड ते दोन फेरे सोडा. मग पाव-पाव फेऱ्याने फिरवत इंजिन सगळ्यात एकसारखं आणि जोरात चालेल ती जागा शोधा. त्यानंतरच रेसच्या स्क्रूने वेग खाली आणा. मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी आवाजात फरक पडत नसेल, तर जेट अजून तुंबलेला आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, त्यांना ही ट्यूनिंग लागू नाही. जुन्या गाडीत मात्र हे सगळं करूनही स्लो टिकत नसेल, तर फिटरकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते कमी भरलं तर दोष रिंगांचा किंवा व्हॉल्व्हचा आहे, आणि अशा वेळी नव्या कार्बोरेटरवर पैसे घालवू नका.