विंचवाचं बिऱ्हाड आणि काकांचा कॉम्प्युटर

रूम बदलताना आपण काय काय नेतो? गादी, बादली, ट्रंक, पुस्तकं, टॉवेल वाळत घालायची दोरी. पलंग नेत नाही, ट्यूबलाइट नेत नाही, कारण ते हॉस्टेलचं. (काही महाभाग ट्यूबलाइटही नेतात, त्यांची नावं इथे लिहीत नाही.) हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण तोच प्रकार कॉम्प्युटर बदलताना आला की भलेभले गडबडतात. मी तर कॉम्प्युटर शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असताना गडबडलो, आणि तेही आमच्या अख्ख्या घरासमोर!

माझं गाव कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. तिथे माझ्या काकांचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, करारनामे, ग्रामपंचायतीची पत्रं आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. काकांचा जुना पीसी विंडोज ११ घ्यायला तयार नव्हता, म्हणून त्यांनी दिवाळीत नवीन मशीन घेतलं. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर ते बसवायला दुसरं कोण येणार?

मी ऐटीत गेलो. जुन्या मशीनची डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि डी ड्राइव्ह पेनड्राइव्हवर घेतला, नव्यावर ओतला, प्रोग्रॅम टाकले. दोन तासांत काम फत्ते! काका खुर्चीवर बसले, चार ओळी टाइप केल्या आणि थांबले.

"पोट्ट्या, सगळं आलं म्हणतं, पण हे मशीन मले ओयखतच नाही."

बघितलं तर खरंच होतं. काका रेमिंग्टनवर शिकलेले. बोटं त्या जागी पडत होती आणि पडद्यावर भलतंच उमटत होतं. वर्डमध्ये 'मुका' टाइप करून स्पेस दिली की पूर्वी 'मु. पो. कामरगाव, ता. कारंजा (लाड), जि. वाशिम' असा अख्खा पत्ता यायचा. आता 'मुका' हा मुकाच राहिला. असे शेकडो शॉर्टकट काकांनी वर्षानुवर्षं भरले होते. आडनावं, सर्व्हे नंबरची वाक्यं, पत्रिकेचा मायना. ते शब्द म्हणजे काकांचा वेग, आणि वेग म्हणजे दुकान. शेजारच्या गावातून पत्रिकेची पहिली ऑर्डर आलेली होती आणि माझ्याकडे सुट्टीचे पाच दिवस होते.

आता सेटिंग राहतात कुठे ते बघू. विंडोजमध्ये प्रत्येक युजरचं एक प्रोफाइल असतं. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे रजिस्ट्रीचा 'एचकी करंट युजर' हा भाग, जो 'एनटीयूजर डॉट डॅट' या फाइलमध्ये साठवलेला असतो. दुसरी म्हणजे 'ॲपडेटा' हे लपवलेलं फोल्डर. त्याच्या आत 'रोमिंग' (सोबत फिरवण्याजोगं) आणि 'लोकल' (याच मशीनपुरतं) असे कप्पे आहेत. याउलट 'एचकी लोकल मशीन' आणि 'सिस्टिम-३२' हे मशीनचं, म्हणजे आपला पलंग आणि ट्यूबलाइट. डॉक्युमेंट्स कॉपी करणारा माणूस फक्त पुस्तकं नेतो आणि ट्रंक मागेच ठेवतो. मी नेमकं तेच केलं होतं.

मग अख्खं प्रोफाइलच उचललं तर? तेही करून बघितलं आणि पस्तावलो. जुन्या प्रिंटरची नावं, नसलेल्या डी ड्राइव्हचे पत्ते, कुठल्या कुठल्या काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचा कचरा, सगळं नव्या मशीनवर आलं. ऑफिसांमध्ये 'रोमिंग प्रोफाइल' नावाची सोय एनटीच्या काळापासून आहे. तिच्यावरही जुनी तक्रार हीच, की सगळंच सोबत घेऊन फिरते आणि लॉगिनला वेळ खाते.

यातला मधला मार्ग म्हणजे टेम्प्लेट. टेम्प्लेट म्हणजे दुसरं काही नाही, मित्राला फोनवर सांगितलेली यादी: "बारा नंबरच्या रूममध्ये जा. खिडकीखाली माझी ट्रंक असेल तर ती आण. गादी आण. कपाटातलं काही आणू नको, ते पार्टनरचं आहे." फरक इतकाच की ही यादी एक्सएमएलमध्ये लिहायची आणि मित्राच्या जागी प्रोग्रॅम असतो.

तो प्रोग्रॅम कुठला? एक्सपीमध्ये (२००१) त्यासाठी एक विझार्ड होता, व्हिस्टापासून 'ईझी ट्रान्सफर' आलं आणि विंडोज १० मध्ये (२०१५) तेही गेलं. आता मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की वायफायचे पासवर्ड वगैरे काही गोष्टी येतात, पण काकांच्या जुन्या सॉफ्टवेअरचं त्याला काय सोयरसुतक? उरलं यूएसएमटी, म्हणजे युजर स्टेट मायग्रेशन टूल. हे मोठ्या कंपन्यांत एकदम शेकडो पीसी बदलण्यासाठी केलेलं आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या एडीके या संचात फुकट मिळतं. इन्स्टॉल करताना सगळ्या टिकमार्क काढून फक्त यूएसएमटीवर ठेवायची, नाहीतर हॉस्टेलचं नेट दोन दिवस त्यातच जाईल.

त्यात दोन आज्ञा आहेत. जुन्या मशीनवर 'स्कॅनस्टेट' चालवायची. ती यादीप्रमाणे सगळं गोळा करून एका फाइलमध्ये बांधते. नव्या मशीनवर 'लोडस्टेट'. ती गाठोडं सोडून जिथल्या तिथे लावते. सोबत तयार टेम्प्लेट येतात. 'मिगॲप' या फाइलमध्ये वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रॅमच्या सेटिंगची यादी आधीच आहे. जे तिच्यात नाही, त्याची फाइल आपण लिहायची.

लिहिणं सोपं आहे. एका 'कंपोनंट'मध्ये प्रोग्रॅमचं नाव. मग 'डिटेक्ट्स': हा प्रोग्रॅम इथे आहे का? नसेल तर पुढचं सोडून दे. मग 'इन्क्लूड': रजिस्ट्रीची ही शाखा, या फोल्डरमधल्या या फाइली. मग 'एक्सक्लूड': यातलं हे मात्र नको. फोल्डरचा पत्ता लिहिताना 'सी ड्राइव्ह, युजर्स, अमुक तमुक' असा पूर्ण लिहायचा नाही. त्याऐवजी ॲपडेटाचं सांकेतिक नाव वापरायचं, म्हणजे युजरचं नाव बदललं तरी यादी चालते. एवढं जमलं की झालं.

खरी मेहनत एक्सएमएलमध्ये नाही. आपली वस्तू नेमकी कुठे पडली आहे हे शोधण्यात आहे.

काकांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर जुनं. त्याच्या सेटिंग एका 'आयएनआय' फाइलमध्ये असतात हे मला माहीत होतं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये गेलो, फाइल मिळाली, यादीत घातली, लोडस्टेट चालवलं. काहीच फरक नाही! फाइल उघडून बघितली तर तारीख इन्स्टॉल केल्याच्या दिवसाची. म्हणजे इतकी वर्षं काका सेटिंग बदलत होते आणि त्या फाइलला त्याचा पत्ताच नव्हता. मग जात होतं कुठे?

इथे 'प्रोसेस मॉनिटर' कामी आला. मायक्रोसॉफ्टचंच फुकट टूल आहे, प्रत्येकाने एकदा तरी चालवून बघावं. कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल उघडतो, रजिस्ट्रीत काय लिहितो हे ते ओळीओळीने दाखवतं. पहिल्यांदा उघडाल तर हजारो ओळी धावताना बघून डोकं गरगरेल. प्रोग्रॅमच्या नावाचा फिल्टर लावा, त्यातही फक्त लिहिण्याच्या क्रिया ठेवा. मग प्रोग्रॅममध्ये एकच सेटिंग बदला आणि बघा. मी बदलली आणि पत्ता दिसला: ॲपडेटा, लोकल, 'व्हर्च्युअलस्टोअर'!

भानगड अशी. व्हिस्टापासून साध्या युजरला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नाही. पण एक्सपीच्या काळातली सॉफ्टवेअर तिथेच लिहितात. ती बंद पडू नयेत म्हणून विंडोज गुपचूप तो मजकूर व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं आणि सॉफ्टवेअरला सांगतं, लिहिलं बाबा तुझ्या जागेवर. म्हणजे मेसच्या वहीत आपण सही करतो आणि वही भलत्याच टेबलावर असते, तसं. यादीत हा पत्ता घातला आणि काकांचे पत्रिकेचे साचे, समासाची मापं, बॉर्डर सगळं आलं.

आता वर्डचे शॉर्टकट. त्याला ऑटोकरेक्ट म्हणतात आणि त्याच्या फाइली ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये 'ऑफिस' फोल्डरात असतात, प्रत्येक भाषेची वेगळी. मराठीची फाइल 'एमएसओ ११०२'. हा ११०२ आला कुठून? विंडोजमध्ये मराठीचा क्रमांक हेक्सामध्ये ०४४ई आहे. फर्स्ट इयरचं गणित करा: चार गुणिले २५६, अधिक चार गुणिले १६, अधिक १४. आलं ना ११०२?

पण त्या फाइलमध्ये काकांचे निम्मेच शब्द होते. बाकीचे 'एमएसओ १०३३' मध्ये, म्हणजे अमेरिकन इंग्रजीच्या फाइलमध्ये! कारण युनिकोडच्या आधी काका ज्या फाँटवर टाइप करायचे, त्यात अक्षरं आतून इंग्रजीचीच असतात, फक्त दिसतात मराठी. वर्डच्या लेखी काका वर्षानुवर्षं इंग्रजीत लिहीत होते. आणि जे शॉर्टकट ठळक किंवा रंगीत अक्षरांसह साठवलेले, ते या दोन्हींत नसून 'नॉर्मल' या टेम्प्लेट फाइलमध्ये. (इथे टेम्प्लेट हा शब्द वेगळ्या अर्थाने आहे, घोळ करू नका. मी केला होता.) तिन्ही घेतल्या. एक सूचना: या फाइली हाताने कॉपी करणार असाल तर वर्ड बंद करा. बंद होताना तो आपली नॉर्मल फाइल पुन्हा लिहू शकतो आणि तुमची मेहनत पाण्यात.

उरला कीबोर्ड. रेमिंग्टन लेआउट ही वस्तू अर्धी हॉस्टेलची, अर्धी आपली. 'काकांना हा लेआउट हवा' ही पसंती युजरची, पण लेआउटची स्वतःची डीएलएल फाइल सिस्टिम-३२ मध्ये आणि तिची नोंद लोकल मशीनच्या रजिस्ट्रीत. पसंती नेली आणि लेआउट बसवलाच नाही, तर खुंटी नसलेल्या भिंतीवर शर्ट अडकवल्यासारखं होतं. यूएसएमटी प्रोग्रॅम हलवत नाही, फक्त सेटिंग हलवतं. म्हणून आधी सगळं इन्स्टॉल, मग लोडस्टेट, हा क्रम पाळायचाच. लेआउटचं सेटअप काकांच्या कपाटातल्या एका जुन्या पेनड्राइव्हवर, नातेवाइकाच्या बारशाच्या फोटोंखाली सापडलं. नसतं सापडलं तर हा लेख झाला नसता.

आणखी दोन खड्डे सांगतो. लोडस्टेटला नवीन लोकल अकाउंट तयार करायला सांगितलं तर ते तयार करतं, पण बंद अवस्थेत. चालू करण्याचा स्विच वेगळा द्यावा लागतो. मी अर्धा तास पासवर्डलाच शिव्या घालत होतो. दुसरं, लोडस्टेट झाल्यावर लॉगऑफ करून परत लॉगिन करा, काही सेटिंग त्यानंतरच लागतात.

एक गोष्ट मात्र टेम्प्लेटने सुटली नाही. पत्रिकेचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं, खाली पट्टीवर दिसायचं, पण खिडकी गायब! जुन्या पीसीला काकांनी डावीकडे दुसरा मॉनिटर जोडला होता आणि खिडकीची जागा त्याच आयएनआय फाइलमध्ये उणे आकड्यात लिहिलेली होती. रजिस्ट्रीत असतं तर तेवढीच नोंद एक्सक्लूड केली असती. इथे माझ्या यादीप्रमाणे फाइल अख्खी आली, साच्यांसकट आणि उणे आकड्यासकट. शेवटी नोटपॅडमध्ये उघडून आकडा शून्य केला.

लॅब सांभाळणाऱ्या स्टाफसाठी थोडं. यूएसएमटी एकदाच बिऱ्हाड हलवतं. रोज वेगळ्या पीसीवर बसणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये यूई-व्ही आणलं, आणि २०१६ पासून ते विंडोज १० च्या एंटरप्राइज आवृत्तीत आलं. त्यातही एक्सएमएलचंच टेम्प्लेट. पण तिथे प्रोग्रॅम उघडला की सर्व्हरच्या शेअर फोल्डरमधून सेटिंग येतात आणि बंद केला की परत जातात. टेम्प्लेट बनवायला त्यात एक जनरेटरही आहे. प्रोग्रॅम उघडून बंद करेपर्यंत तो टेहळणी करतो आणि पत्त्यांची यादी समोर ठेवतो. काय ठेवायचं, काय काढायचं ते मात्र आपणच ठरवायचं.

आणि आपल्या पोरांसाठी: व्हीएस कोडची सेटिंग ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये 'कोड' फोल्डरच्या आत 'युजर'मध्ये. आर्डुइनोच्या जुन्या आयडीईची 'लोकल'मध्ये, 'आर्डुइनो१५' या फोल्डरात. तिथेच बोर्डांची पॅकेजेसही असतात, ती जड. प्रेफरन्सेसची छोटी फाइल तेवढी उचला. लिनक्सवाल्यांची मजा आहे, त्यांचं बरंचसं होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींत असतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी काका पुन्हा बसले. 'मुका' टाइप केलं, स्पेस दिली. पत्ता उमटला. काही बोलले नाहीत. ऑर्डरची पत्रिका लावली आणि टाइप करत राहिले. आवाजावरूनच कळलं की बोटं जागेवर पडताहेत. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा एवढंच म्हणाले, "त्या पोट्ट्याले पण दे. आज त्यानं बी काम केलं."

माझी एक्सएमएल फाइल आहे. वर्डवाला भाग जवळपास तसाच चालेल, बाकीचे पत्ते आपापल्या प्रोग्रॅमचे घालावे लागतील. ज्याला हवी त्याने रात्री जेवणानंतर यावं. पेनड्राइव्ह स्वतःचा आणावा, आणि तो आधी स्कॅन करून आणावा!