विस्थापितांच्या हक्कांचे आंतरराष्ट्रीय संरक्षण

आपले घर, जमीन व उपजीविकेची साधने इच्छेविरुद्ध सोडाव्या लागणाऱ्या व्यक्तींना व समूहांना आंतरराष्ट्रीय करार, घोषणा व संस्था यांच्याद्वारे मिळणारे संरक्षण. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व वा राजकीय मत यांमुळे होणाऱ्या छळाच्या साधार भीतीने जो स्वदेशाबाहेर आहे, त्यास १९५१ चा जिनीव्हा करार व १९६७ ची पूरक संधी यांन्वये निर्वासित मानतात. भारताने या दोहोंवर स्वाक्षरी केलेली नाही. स्वदेशातच विस्थापित झालेली व्यक्ती मात्र या व्याख्येत बसत नाही. ती त्या राज्याची नागरिकच राहते व तिच्या संरक्षणाची जबाबदारी त्याच राज्यावर असते. विस्थापन शासनाच्याच निर्णयाने घडते, तेव्हा ही जबाबदारी विशेष कसोटीस लागते.

नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्प हे याचे खानदेशातील ठळक उदाहरण होय. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. प्रकल्पामुळे बाधित होणाऱ्या गावांपैकी महाराष्ट्रातील ३३ गावे तत्कालीन धुळे जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील होती (१ जुलै १९९८ पासून हे तालुके नंदुरबार जिल्ह्यात आहेत). सातपुड्यातील या गावांत प्रामुख्याने भिल्ल, पावरा इ. आदिवासींची वस्ती होती. ज्यांची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होईल, अशा खातेदारांना किमान दोन हेक्टर ओलिताखालील जमीन द्यावी, असे लवादाने ठरविले. तथापि येथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत असूनही त्यांचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर नव्हते. त्यामुळे कागदोपत्री ती भूमिहीन वा अतिक्रमणदार ठरली. गुजरातने अशा कुटुंबांनाही दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण १९८७ मध्ये स्वीकारले. महाराष्ट्राने भूमिहीनांना एक एकर जमीन देऊ केली. म्हणजे एकाच धरणाने विस्थापित होणाऱ्यांचे हक्क राज्याराज्यांत भिन्न ठरले.

येथेच आंतरराष्ट्रीय कायद्याचा संबंध आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा आदिवासींविषयक करार (क्र. १०७) भारताने १९५८ मध्ये अनुसमर्थित केला होता. परंपरेने ताब्यात असलेल्या जमिनीवरील आदिवासींचा हक्क त्यात मान्य केलेला असून, अपवाद म्हणून त्यांना हलवावे लागल्यास निदान तितक्याच प्रतीची जमीन द्यावी, असे बंधन आहे. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पास ४५ कोटी डॉलरांचे अर्थसाहाय्य मंजूर केल्याने बँकेचे पुनर्वसनविषयक नियमही लागू झाले. नर्मदा बचाव आंदोलनाने केलेल्या प्रखर विरोधानंतर बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मॉर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा मंडळ नेमले. प्रचलित परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, असा निष्कर्ष मंडळाने १९९२ मध्ये काढला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी निरीक्षण मंडळ स्थापण्याचा ठराव केला. यामुळे जगातील अन्य प्रकल्पग्रस्तांना दाद मागण्याचा मार्ग खुला झाला. परंतु कर्ज संपल्याने नर्मदाकाठी बँकेचा प्रत्यक्ष अंकुश उरला नाही. त्याच पावसाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली गावात पाणी शिरले.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली. करार क्र. १०७ विस्थापनास सर्वस्वी मनाई करीत नाही, तर तुल्य जमीन देण्याचे बंधन घालतो, असा अर्थ त्यात लावला गेला. पुनर्वसनाच्या प्रगतीनुसारच उंची टप्प्याटप्प्याने वाढवावी, अशी अटही घालण्यात आली. १३८·६८ मी. उंचीचे हे धरण २०१७ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले.

देशांतर्गत विस्थापनासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांत १९९८ मध्ये मांडली गेली. मोठ्या विकासप्रकल्पांसाठी सबळ व प्रभावी लोकहित नसताना केलेले विस्थापन त्यांत मनमानी मानले आहे. मूलनिवासींच्या हक्कांच्या २००७ च्या घोषणेत स्थलांतरापूर्वी मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरविली असून भारताने तिच्या बाजूने मतदान केले. ही दोन्ही कराराप्रमाणे बंधनकारक नाहीत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय संरक्षणाचे फलित अखेर देशातील कायदा, न्यायालये व गावपातळीवरील भूमि-अभिलेख यांवर अवलंबून राहते. ज्याची जमीन दप्तरात नोंदलेली नाही, त्याच्यापर्यंत कराराचा लाभ पोहोचणे दुष्कर असते, हे सातपुड्यातील अनुभवावरून स्पष्ट होते.