विजेची भीती वाटते का?

समजा, तुमच्या वर्गातील एखादी मुलगी उद्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या नोकरीवर रुजू झाली. पहिल्या दिवशी तिला काय लागेल? यंत्र मिळेल, पुस्तके मिळतील. पण 'हे असे का?' असे न लाजता विचारता येईल, असे एक माणूसही जवळ हवे. उर्दूत आपण त्याला उस्ताद म्हणतो. मराठीत हा शब्द बहुधा गवयाला किंवा पहिलवानाला लावतात. पण संगणकाच्या कामातही उस्ताद लागतोच. तो पांढऱ्या केसांचाच असतो, असे मात्र नाही.

ही हकीकत अमेरिकेतील आहे. मिसुरी राज्यात जीन जेनिंग्ज ही मुलगी एका शेतावर वाढली. सात भावंडांत ती सहावी. १९४५ मध्ये ती गणित घेऊन पदवीधर झाली. तिने गावाकडेच शाळेत शिकवावे, असा सल्ला तिला मिळाला होता. पण गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी तिला वेगळी वाट दाखवली. दूर फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, सैन्यासाठी हिशेब करणाऱ्या मुली हव्या होत्या. जीनने अर्ज केला. 'लवकर या' अशी तार आली आणि त्याच रात्रीच्या गाडीने ती निघाली. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

तोफेचा गोळा किती दूर आणि कोठे पडेल, याचे कोष्टक तयार करणे हे तिचे काम होते. एका गोळ्याचा मार्ग काढायला हाताने तीस-चाळीस तास लागत. हे काम करणाऱ्या मुलींनाच तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणत. यंत्राला ते नाव पुढे मिळाले!

जीनला या कामाचा लवकरच कंटाळा आला. त्याच विद्यापीठात 'एनिअॅक' नावाचे अजस्र यंत्र तयार होत होते. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. वजन तीस टनांच्या आसपास. त्यावर काम करायला माणसे हवी आहेत, असे कळताच जीन मुलाखतीला गेली. विजेविषयी काय माहीत आहे, असे तिला विचारले. ती भौतिकशास्त्राचा नियम सांगू लागली. मुलाखत घेणारा म्हणाला, तसे नव्हे, विजेची भीती वाटते का? ती नाही म्हणाली. तिचे नाव राखीव यादीत लागले आणि जागा रिकामी झाल्यावर तिला बोलावणे आले.

तेथे तिला बेटी स्नायडर भेटली. बेटी अठ्ठावीस वर्षांची होती. विद्यापीठात पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकाने तिला सुनावले होते, की तू घरी बसून मुले सांभाळलीस तर बरे. बेटीने गणित सोडले आणि वृत्तपत्रविद्या घेतली. एका माणसाच्या एका वाक्याने केवढे नुकसान होते पाहा! युद्धात पुरुष सैन्यात गेले, तेव्हा ती पुन्हा गणिताकडे आली.

एनिअॅकसाठी सहा मुली निवडल्या होत्या. त्यांना शिकवणारे पुस्तक नव्हते. असे यंत्रच पूर्वी नव्हते, तर पुस्तक कोठून येणार? त्यांच्या हाती यंत्राचे मोठमोठे नकाशे दिले गेले. त्या नकाशे पसरून बसत. एकीला जे समजेल, ते ती दुसरीला समजावून सांगे. अडले, तर अभियंत्यांना गाठत. यंत्राच्या दोन रचनाकारांपैकी एक, जॉन मॉकली, या मुलींच्या प्रश्नांना कधी कंटाळत नसत.

जीन आणि बेटी यांची जोडी जमली. एकीने केलेले काम दुसरी तपासे आणि चूक शोधून काढे. चूक सापडली की दोघींनाही आनंद होई. माझ्या मते हेच खरे शिकणे. आपली चूक दाखवणारा माणूस आपल्याला कमी लेखत नाही, असा विश्वास असला म्हणजे चूक लपवावीशी वाटत नाही.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी एनिअॅक लोकांना दाखवायचे ठरले. तोफगोळ्याच्या मार्गाचा प्रोग्रॅम या दोघींकडे होता. तेव्हा प्रोग्रॅम टाइप करीत नसत. शेकडो तारा जोडाव्या लागत आणि खटके फिरवावे लागत. आदल्या रात्री एक घोटाळा लक्षात आला. गोळा जमिनीवर पडला, तरी यंत्राचे गणित थांबेना. आकड्यांत पाहावे, तर गोळा जमीन फोडून खालीच चालला होता! रात्री उशिरा दोघी घरी गेल्या. सकाळी बेटी आली, ती थेट यंत्राकडे गेली आणि हजारो खटक्यांपैकी एक तिने फिरवला. झोपेत तिला चूक सापडली होती. त्या दिवशी यंत्राने गोळ्याचा मार्ग वीस सेकंदांत काढला. खऱ्या गोळ्याला त्याहून जास्त वेळ लागला असता.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री मेजवानी झाली. या मुलींना तिचे आमंत्रण नव्हते.

तरी दोघींचे काम वाढत गेले. १९४७ मध्ये जीन पाच प्रोग्रॅमरांच्या गटाची प्रमुख झाली. तारा न बदलता एनिअॅकवर नवा प्रोग्रॅम चालवता यावा, या कामात तिच्या गटाचा वाटा होता. दोन वर्षांपूर्वी नकाशाचा अर्थ विचारत फिरणारी हीच ती मुलगी. बेटीने पुढे 'युनिव्हॅक' या संगणकासाठी माहितीचा क्रम लावणारा प्रोग्रॅम तयार केला. 'कोबोल' ही संगणकाची भाषा घडवण्यातही तिचा भाग होता.

सुमारे चाळीस वर्षांनी एका विद्यार्थिनीने एनिअॅकची जुनी छायाचित्रे पाहिली. यंत्राजवळ उभ्या असलेल्या या स्त्रिया कोण, असे तिने विचारले. शोभेसाठी उभ्या केलेल्या मुली असतील, असे उत्तर मिळाले. तिला ते पटले नाही. तिने शोध घेतला, त्यांना गाठले आणि त्यांच्या तोंडून सारे ऐकले. १९९७ मध्ये सहाही जणींचा जाहीर सन्मान झाला.