दही, गोळी आणि लिथियम
अमेरिकेत बाल्टिमोर इथे उन्मादाच्या झटक्यानंतर रुग्णालयातून घरी गेलेल्या ६६ जणांवर २४ आठवडे प्रयोग झाला. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नेहमीची औषधं सगळ्यांची चालूच होती. जोडीला ३३ जणांना लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियम जिवाणूंची गोळी, उरलेल्यांना निष्क्रिय गोळी. पुन्हा भरती व्हायची वेळ पहिल्या गटावर ८ वेळा आली, दुसऱ्यावर २४ वेळा. आशा वाटावी असा फरक, पण प्रयोग लहान.

प्रवरेकाठच्या कोल्हारात घरी विरजलेलं दही जरूर खावं. त्यात नेमके तेच जिवाणू, तेवढेच असतील असं मात्र नाही. उन्मादासाठी दिलेलं लिथियम हे औषध मनानं बंद करू नका. जुलाब लागले तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं, डॉक्टरांना लगेच कळवा.

टेली मानस (मानसिक आरोग्य हेल्पलाइन): १४४१६