पट्ट्याचे दप्तर

उंचावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावरचा सुरक्षापट्टा, ज्याला आपल्याकडील बांधकामांवर सर्रास ‘फुल बॉडी बेल्ट’ म्हणतात, तो ज्या क्षणासाठी घडविलेला असतो तो क्षण बहुधा त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. आणि म्हणूनच, वर्षानुवर्षे नुसत्या अंगावर वागविल्या जाणाऱ्या या वस्तूचे सामर्थ्य शाबूत आहे की नाही, हे वापरणाऱ्यास अनुभवाने कळण्याचा मार्ग नाही. ते तपासूनच जाणावे लागते.

विनाअडथळा २ मीटर पडलेला देह ताशी सुमारे २२ किलोमीटरचा वेग गाठतो. हा वेग दोरीने एकाएकी रोखल्यास बसणारा हिसका प्राणघातक ठरू शकतो. म्हणून दोरीत शॉक अ‍ॅब्झॉर्बर बसवितात, ज्याची घडी घालून शिवलेली पट्टी टाक्याटाक्याने उसवत जाऊन शरीरावरील बल ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे ढोबळमानाने ६०० किलो वजनाच्या, मर्यादेत राखते. पूर्वी प्रचारात असलेला कमरेचा पट्टा हा सारा भार पोटावर घेई. अमेरिकेत पडणे रोखण्याच्या कामी त्याचा वापर १ जानेवारी १९९८ पासून निषिद्ध झाला.

तपासणीस उजेड हवा, मोकळे हात हवेत आणि थोडी सवड हवी. पट्टी दोन्ही हातांनी उलट्या बाजूस वाकवीत पुढे सरकावे, म्हणजे एरवी दडून राहणारा काप किंवा तुटलेला धागा पृष्ठभागावर उघडा पडतो. कडांवरून बोट फिरवावे, कारण ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शिकेनुसार दोरीच्या पट्टीच्या कडेस पडलेला अवघा १ मिलिमीटरचा कापदेखील तिची ताकद ५ ते ४० टक्क्यांनी घटवू शकतो. उन्हाने विटलेला रंग, वेल्डिंगच्या ठिणगीने वितळून टणक झालेला ठिपका, रंगाच्या थेंबांनी ताठरलेला भाग ही सर्व संशयाची स्थळे होत. ओल्या सिमेंटचा क्षार पॉलिस्टरला, तर आम्ल नायलॉनला मारक. शिवणीचा दोरा पुष्कळदा मुद्दाम वेगळ्या रंगाचा असतो, तो तुटलेला टाका चटकन दिसावा म्हणूनच. पाठीवरची डी-रिंग वाकलेली नाही ना, हुकाचे तोंड सोडताच आपोआप मिटते ना, हेही पाहावे. ही पाहणी पट्टा चढविण्यापूर्वी दररोज, ज्याने तो घालावयाचा त्याने स्वतः करावी. सविस्तर तपासणी मात्र जाणकाराने, सहा महिन्यांतून निदान एकदा, आणि परांचीवरील वा लोखंडी सांगाड्यावरील खडतर कामी दर तीन महिन्यांनी.

इतके करूनही जे डोळ्यांस दिसत नाही, त्यासाठी दप्तर. हा पट्टा कोणत्या महिन्यात बनला, वापरात केव्हा आला, आम्लाच्या टाकीजवळ तो कधी होता काय, मागे त्यावर कोणी लोंबकळला होता काय, हे पट्टा स्वतः सांगत नाही. म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या लेबलावरील अनुक्रमांकाप्रमाणे स्वतंत्र पान असावे आणि त्यावर तपासणीची तारीख, आढळलेला दोष, निर्णय, पुढील मुदत व तपासनिसाची सही यांची तपशीलवार नोंद व्हावी. लेबल पुसले गेले, तर पानाशी असलेला त्याचा संबंधच तुटतो, आणि असा पट्टा धडधाकट दिसला तरी वापरातून काढावा. ज्या वहीत ओळीने सर्व पट्ट्यांपुढे एकाच दिवशी, एकाच शाईने ‘ठीक’ असा शेरा पडतो, ती वही कामगाराच्या रक्षणासाठी लिहिलेली नसून चौकशीच्या दिवशी पुढे करण्यासाठी लिहिलेली असते, असे मी स्पष्ट म्हणेन. वापरातील पट्टे झिजतातच; सालभरात एकही पट्टा बाद न करणाऱ्या दप्तराकडे मालकाने आणि निरीक्षकाने संशयानेच पाहिले पाहिजे.

पडणाऱ्याला ज्या पट्ट्याने एकदा झेलले, तो वरकरणी कितीही निर्दोष दिसो, तात्काळ वेगळा काढावा. बाद ठरविलेले पट्टे ‘पुढेमागे उपयोगी पडतील’ म्हणून गोदामात ठेवू नयेत, कारण कामाची निकड आली की मुकादम तेच काढून देतो. त्याच दिवशी त्यांच्या पट्ट्या कात्रीने कापाव्यात आणि कापल्याची तारीख त्यांच्या पानावर लिहून पान बंद करावे.