डाव नवा, आकडे जुने

पिंपळगाव राजाच्या शाळकरी पोरानं 'स्क्रॅच'मध्ये पहिला गेम केला, की बहुधा पहिली अडचण हीच येते. मांजरानं 23 सफरचंदं वेचली, ते भुताला धडकलं, गेम संपला. पुन्हा खेळायला हिरवा झेंडा दाबला, तर स्कोअर 23 च्या पुढे मोजू लागतो आणि मांजर जिथे मेलं तिथूनच निघतं. 'स्क्रॅच' हे एमआयटीनं 2007 मध्ये खुलं केलेलं मोफत साधन. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. त्यात झेंडा दाबताच पात्रांचे क्लोन नाहीसे होतात. व्हेरिएबलमधला आकडा, पात्राची जागा आणि वेश मात्र तसेच राहतात. ते मूळपदावर आणणं गेम लिहिणाऱ्याचं काम.

झेंड्याखाली 'स्कोअर 0' असा ठोकळा लावला की तेवढं भागतं. गेम वाढला की भागत नाही. जीव, वेग, शत्रू, घड्याळ असं प्रत्येकाचं शून्य वेगवेगळ्या कोपऱ्यात लिहिलं, की एखादं हमखास सुटतं. शत्रू सोडणारा जुना टायमर न थांबवता नवा सुरू केला, तर शत्रू दुप्पट संख्येनं येऊ लागतात. 'युनिटी' या गेम इंजिनात गेम थांबवायला टाइमस्केल, म्हणजे काळाची गती, 0 करतात. मग पॉझ मेनूतून रीस्टार्ट केलं, की सीन ताजा लोड होतो, टाइमस्केल 0 च राहतो आणि पात्र जागचं हलत नाही.

जुन्या गेममध्येही असे अवशेष उरत. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' रीसेटनंतर सगळी मेमरी पुसत नसे. सर्वोच्च स्कोअर टिकावा म्हणून काही भाग मुद्दाम राखलेला होता. जपानी पोरांनी यंत्र चालू असतानाच मारिओची कार्ट्रिज काढून 'टेनिस'ची घातली, थोडं खेळून पुन्हा मारिओची लावली. टेनिसनं मागे ठेवलेला आकडा मारिओनं जगाचा क्रमांक समजून वाचला आणि 8 जगांच्या गेममध्ये नववं जग उघडलं!

म्हणून सरसकट सगळं पुसावं, असंही नाही. क्रिकेटच्या गेममध्ये धावा, विकेट, षटकं जायलाच हवीत. पण सर्वोच्च धावसंख्या किंवा निवडलेली भाषा गेली तर खेळणारा चिडेल, आणि ते रास्तच. कोणती माहिती किती काळ जगणार, हे आधी ठरवावं लागतं. डावापुरती माहिती एकाच जागी बांधून ठेवली, की नव्या डावाला ते अख्खं गाठोडं टाकून नवं घेता येतं. पहिला आणि दहावा डाव एकाच फंक्शनमधून सुरू व्हावा. बहुतेक घोळ पहिल्या डावाची वाट निराळी ठेवल्यानं होतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये आणलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम अनरिअल इंजिन 4 वर बनला. माहितीच्या आयुष्याची ही वाटणी त्या इंजिनाच्या रचनेतच आहे: गेम इन्स्टन्स गेम बंद होईपर्यंत जगतो, तर गेम मोड आणि गेम स्टेट नवी लेव्हल लोड होताना नव्यानं तयार होतात. टिकाऊ माहिती पहिल्यात ठेवायची, डावापुरती दुसऱ्यांत.

एवढं करूनही तपासणी टळत नाही. पात्र हवेत उडी मारत असताना, पॉझमध्ये, जिंकल्याच्या क्षणी आणि लागोपाठ दोनदा रीस्टार्ट दाबून पाहिलं, की राहिलेल्या चुका बहुधा तिथेच सापडतात.