संघटना कुणाची? भिवंडीतला जुना प्रश्न

अराज्यवाद म्हणजे गोंधळ नव्हे. सरकार, मालक आणि वरून हुकूम सोडणारे पुढारी नकोत, कामगारांनी आपला कारभार आपणच चालवावा, असा तो विचार. पण मग कामगार संघटनेचे काय? १९०७ साली ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय अराज्यवादी परिषदेत यावर वाद झाला. फ्रेंच कामगार संघटक पिएर मोनात म्हणाला, संघटना हेच क्रांतीचे साधन. इटालियन अराज्यवादी एरिको मालातेस्ताला ते पुरेसे वाटेना. पगारवाढीत गुंतलेली संघटना हळूहळू तडजोडीची होते, ही त्याची शंका. भारतीय अराज्यवादी एम. पी. टी. आचार्य हेही याच विचारविश्वातले. त्यांची अखेरची वर्षे मुंबईत गेली.

मालातेस्ताची शंका १९८२च्या मुंबईतील गिरणी संपात आठवते. कायद्याने मान्यता कामगारांना तडजोडवादी वाटणाऱ्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कामगार मात्र कामगार नेते दत्ता सामंतांमागे. (सामंत अराज्यवादी नव्हते, एका नेत्याभोवतीची चळवळ अराज्यवाद्यांना रुचलीही नसती.) संप रेंगाळला आणि कापडाचे बरेच काम मुंबईजवळच्या भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. इथे छोटे छोटे कारखाने, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार, मजुरी कामाच्या मापावर. मागाचा मालक स्वतःच अनेकदा सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचा बांधील. संप करायचा तो नेमका कुणाविरुद्ध?